काट्यावरचं प्रभुभोजन

आमच्या चर्चचं छत वाळवीनं खाल्लं असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, दोन-चार वासे पोखरले असतील. नाही बाप्पा! आमच्याकडची वाळवी खानदानी. तिनं आधी वासे खाल्ले, मग दाराची चौकट, मग गाण्यांच्या पुस्तकांचं कपाट आणि शेवटी उपदेशाच्या पीठाचा डावा पाय. एका रविवारी पाळकसाहेबांनी खडकावर बांधलेल्या घराचा विषय घेतला, जोरात मूठ आपटली आणि पीठ त्यांच्यासकट कललं. साहेब थांबले नाहीत. तसेच तिरके राहून त्यांनी उपदेश पुरा केला आणि अख्खी मंडळी माना वाकड्या करून ऐकत बसली. पुढचा आठवडाभर मंगरूळपीरच्या बाजारात लोक आम्हाला विचारत होते, की तुमच्या लोकांच्या माना एकदमच कशा काय आखडल्या?

तेव्हा छत उतरवायचं ठरलं. प्रश्न उरला उपासनेचा. नवीन टिनं चढेपर्यंत रविवारी बसायचं कुठं? मी चर्चच्या पंच कमिटीत होतो. जन्मभर एस.टी.त कंडक्टरकी केलेली, त्यामुळे जागा नसताना जागा काढायची कला माझ्याकडे होतीच. मी गेलो आसेगावच्या रस्त्याला, मळेवाल्या भाऊंकडे.

भाऊंचा मळा भाजीचा. वांगी, मेथी, कोबी. पण रस्त्याला लागून त्यांचं एक मोठं गोदाम आहे, आणि दसऱ्याच्या सुमाराला ते आसपासच्या खेड्यांतून सोयाबीन विकत घेतात. बाकीचे महिने गोदाम रिकामं, आत उंदरांचं राज्य. मी म्हटलं, "भाऊ, रविवारी सकाळपुरतं द्या."

"देवाचंच काम आहे नं मास्तर? घ्या नं मंग," भाऊ म्हणाले. एस.टी.च्या कंडक्टरला आमच्याकडे मास्तरच म्हणतात. "पण सोयाबीन यायच्या आंधी खाली करून देजा. तवा मी सख्ख्या भावालेबी आत उभा राहू देत नाई."

मी शब्द दिला. शब्द द्यायला माझं काय जातं!

खरी भीती होती ती पाळकसाहेबांची. साहेब नगरकडचे. अंगानं काडीपैलवान, आवाज त्याहून बारीक, पण पवित्र जागेच्या बाबतीत ठाणेदार. चपला बाहेर, डोक्यावर पदर, मोबाईल दारातल्या टोपलीत. उपासना चालू असताना वेदीसमोरून कुणी आडवं गेलं, तर ते उपदेश मध्येच तोडून त्या माणसाकडे पाहत राहत. तो बिचारा पलीकडे पोचेपर्यंत त्याचे केस पिकत. असा माणूस उंदरांच्या गोदामात पाय तरी ठेवेल का?

साहेब शटरखालून वाकून आत आले. आत हळदीचा, बारदानाचा आणि उंदरांचा मिळून एक वास होता. असा, की त्याला टेकून उभं राहता यावं. साहेबांनी तो छातीभर घेतला. वर पाहिलं, खाली पाहिलं. मी मनातल्या मनात दुसऱ्या जागा मोजायला लागलो. आणि साहेब म्हणाले, "जन्म गोठ्यात चालला, मग उपासना इथं न चालायला काय झालं?"

झालं! आमच्या बायांनी फडे हाती घेतले. त्यांनी ते गोदाम असं धुतलं, की उंदीर नवीन घर शोधत कारंज्यापर्यंत गेले म्हणतात. मी पाहिलं नाही, पण कारंज्याच्या लोकांनी तक्रार केल्याचं ऐकलं आहे. सतरंज्या आल्या, पेटी आली, ढोलक आला, भिंतीवर लाकडी क्रूस लागला. वेदीपुढं साहेबांनी चुन्याची रेघ ओढली आणि तिच्यापुढं कुणी विनाकारण जायचं नाही असं ठणकावलं.

आता वेदी म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिथंच आहे.

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीनं सगळ्यांनी घ्यायची, भाकर आणि प्याला ठेवायला मेज लागतं. आमचं मेज वाळवीच्या पोटात. गोदामात शटरच्या आत उजव्या हाताला भाऊंचा वजनकाटा होता. जुन्या चालीचा, लोखंडी. बाजेएवढा त्याचा पाट, मागं खांब, खांबावर आडवी दांडी. हमालाला पाठीवरचा कट्टा, म्हणजे धान्याचं पोतं, सरळ उतरवता यावा म्हणून तो मांडीएवढ्या उंच ओट्यावर बसवून सिमेंटनं पक्का केलेला. हलवायचा म्हटला तर गोदाम हलेल, काटा हलणार नाही. साहेबांनी त्याला एक फेरी मारली. मग दांडी हलू नये म्हणून तिला खिट्टी लावली, आमच्या बायांकडून पांढरंशुभ्र कापड मागितलं, पाटावर अंथरलं, कोपरे सारखे केले आणि दोन पावलं मागं सरून मान डोलावली. ज्या पाटावर हमाल बसून बिड्या ओढायचे, भाऊ मांडी घालून चहा प्यायचे, तो पाट प्रभूचं मेज झाला.

माझी आई त्या वेळी घरात पडून होती. खुब्याचं हाड मोडलेलं, काठी घेऊन अंगणापर्यंत जायची तेवढीच. आमच्या चर्चला उंच दगडी पायऱ्या. त्यामुळे साहेब तिच्यासाठी भाकर आणि प्याला घरी घेऊन यायचे. ती घ्यायची, पण दर वेळी ते गेल्यावर मला म्हणायची, "हे काही खरं नाई बापा. देवाच्या घरी जाऊन जेवावं, तं हे म्हणजे त्याचाच डबा घरी बोलावणं झालं." आईचं तोंड असं होतं. देवालाही सूट नाही.

गोदामाला पायऱ्या नव्हत्या, गाडी चढायला उतार होता. पहिल्याच प्रभुभोजनाच्या रविवारी आई म्हणाली, "मी बी येतो." आणि आली कशावर? कट्टे ओढायच्या दोनचाकी गाडीवर! पांढरं पातळ, डोक्यावर पदर, मांडीवर पवित्र शास्त्र, मागून मी ढकलतोय. कुणी राणीसाहेब असत्या तर अशाच आल्या असत्या. दारात बसलेले भाऊंचे हमाल उठून उभे राहिले. रेघेपाशी गाडी थांबवली. मी उचलायला गेलो तर हात झटकला. काट्याच्या ओट्याला धरलं, मग लोखंडी पाटाच्या कडेवर तळवा टेकवला, आणि त्याच्या आधारानं इंचाइंचानं उभी राहिली. साहेब भाकर हातात घेऊन थांबले होते. गोदामात माशीसुद्धा बसल्या जागी बसून राहिली. आईनं भाकर घेतली, प्याला घेतला, आणि पुष्कळ वेळ तो तळवा पाटावरून काढला नाही. परत गाडीवर बसताना मला म्हणाली, "आता जेवल्यासारखं वाटलं."

ह्या प्रसंगात मी मीठ-मिरची लावलेली नाही. बाकीच्यात शोधा.

तर हे हमालांनी पाहिलं. हमालांचा मुकादम म्हणजे आडवा-उभा सारख्याच मापाचा माणूस. दर गुरुवारी दर्ग्यावर जाणारा, बोलणं अर्धं हिंदी. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक जण सवयीनं काट्यावर बसायला गेला तर मुकादमानं त्याची कॉलर धरून उतरवला. "अबे, दिसत नाई का? इथी इबादत झाली हाय." भाऊंची बायको तर पुढं गेली. आमची पाठ फिरली की ती सोमवारी पाटावर जास्वंदीचं फूल ठेवायची, गुरुवारी उदबत्ती लावायची. साहेबांना उदबत्तीचं कळलं तेव्हा त्यांचा चेहरा जास्वंदीसारखा झाला. "अहो, मूर्ती नको म्हणून आम्ही साध्या भिंतीसमोर बसतो, आणि आमच्यामुळे लोक वजनकाटा पूजायला लागले!" पण पाहुण्यानं यजमानिणीला काय बोलावं? मी मात्र, खरं सांगायचं तर, बाजारात छाती काढून फिरत होतो. आमच्या उपासनेची पत केवढी वाढली पाहा, असं.

दसरा जवळ आला. चर्चची टिनं चढली. आम्ही शब्दाला जागून गोदाम खाली केलं. क्रूस उतरवला, कापड घडी केलं, चुन्याची रेघ पाण्यानं पुसली, भाऊंना शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेलो.

आणि एका सकाळी भाऊ माझ्या दारात. अंगावर बनियन, खांद्यावर दुपट्टा, डोळे लाल.

"मास्तर, माहा काटा वापस द्या."

"दिला नं भाऊ! खिळासुद्धा नेला नाही आम्ही."

"काटा हाय, पण त्याच्यावर तुमचा देव बसून राह्यला. त्याले आंधी उतरवा."

मला वाटलं, भाऊंना ताप चढला. पाणी दिलं. मग उलगडा झाला. सोयाबीन यायला लागलं होतं. आसेगावकडून, इंझोरीकडून ट्रॅक्टर येत होते. रांग गोदामापासून थेट तालुक्याची हद्द ओलांडून गेली होती असं मी सांगत असतो, तुम्ही निम्मं धरा. माल काट्यावर चढल्याशिवाय गोदामात जाणार नाही, आणि हमाल काट्यावर कट्टा ठेवायला तयार नाहीत. सगळं सोयाबीन बाहेर पटांगणात, उघड्यावर.

"अन् वर पाह्यलं का?" भाऊ म्हणाले.

मी पाहिलं. परतीचा पाऊस आभाळात कोळशासारखा भरून आला होता. सोयाबीन भिजलं की त्याला कोंब फुटतात, काळं पडतं, मग ढोरंसुद्धा तोंड फिरवतात. भाऊंचं वर्षाचं सगळं त्या पटांगणात पडलेलं, आणि वर ते आभाळ.

"दुसरा काटा आणा," मी म्हणालो.

"ह्या सीझनात? काटा मांगणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा घोडा मांगणं आहे, मास्तर. कोणी देत असते का?"

"मग हमालांना दम द्या. नाहीतर पहिला कट्टा तुम्हीच ठेवा."

भाऊंनी खाली पाहिलं. "गेलो होतो ठेवाले. चपला कवा काढल्या ते मलेच समजलं नाई. अन् बायको मांगं उभी. म्हणे, हात तं लावून पाहा."

मी धावतच पाळकसाहेबांकडे गेलो. साहेब नुकते न्याहारीला बसले होते. सगळं ऐकून घास ताटात ठेवला आणि उठले. "चला. गैरसमज आहे, दूर करू. ती उदबत्तीही त्यातच निघेल."

आम्ही पोचलो तेव्हा पटांगण भरलं होतं. कट्ट्यांच्या थप्प्या, त्यावर अपुऱ्या ताडपत्र्या, ट्रॅक्टरवाले चिडलेले, आणि हमाल शटरपाशी ओळीनं उकिडवे. मुकादम उठला. "सलाम, फादर."

"फादर नाही, पाळक," साहेब म्हणाले. हे ते त्याला दर रविवारी सांगत आले होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि छान समजावून सांगितलं. देव लोखंडात राहत नाही. देव दगडविटांत कोंडला जात नाही. त्याच्या नावानं दोघं-तिघं जिथं जमतात, तिथं तो असतो. माणसं उठून गेली की जागा म्हणजे साधी जागा.

मुकादमानं लक्ष देऊन ऐकलं. "तेच तं म्हणून राह्यलो आमी, फादर. इथी दोघं-तिघं कायले, गोदाम भरून जमले होते. मंग किती असन तो इथी, हिसाब करा!"

हमालांनी माना डोलावल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

त्यांच्यात एक उंच, सडपातळ हमाल होता. घरी बुद्धाचा फोटो, वागण्या-बोलण्यात सरळ. साहेबांना वाटलं, हा तरी ऐकेल. "तुम्ही तर देव मानत नाही. मग तुम्ही ठेवा."

"नाई मानत, सायेब," तो म्हणाला. "पण याहीची आई त्या पाटाले धरून उभी राह्यली ते म्या पाह्यलं. तिथी कट्टा आदळाले मले नाई जमत. देव मानाचा का नाई मानाचा, ते सोडा. नाई जमत म्हणजे नाई."

त्यानं बोट माझ्याकडे केलं होतं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आणि मला चेव आला. अशा वेळी मला चेव येतो, हा माझ्या घराण्याचा रोग आहे.

"हात्तिच्या!" मी म्हणालो. "आई माझी, चर्च माझं, देव माझा. मग माझी तर काही हरकत नाही नं? पाहा आता." असं म्हणून मी निघालो. पायात बूट होते, एस.टी.तले, नालवाले. म्हटलं, बुटासकट पाटावर उभा राहतो, वर एक उडी मारतो, की ह्यांची भीड मेली. आभाळ गडगडलं. मी ऐटीत शटरखालून आत गेलो, जिथं रेघ होती ती जागा ओलांडली, आणि ओट्यापुढं उभा राहून उजवा पाय उचलला.

पाय वर गेला. पाटाच्या कडेला लोखंड थोडं चकचकीत झालं होतं. हमालांच्या रोजच्या घासण्यानंच झालं असणार, एका म्हातारीच्या तळव्यानं लोखंड चमकत नसतं, एवढं मला कळतं. पण तिचा तळवा नेमका तिथंच होता. पाय तिथं अडकला. मी खाली रेटतोय आणि तो खाली जात नाही. हवेत तंगडी धरून मी किती वेळ उभा होतो देव जाणे. पाहणारे सांगतात, तेवढ्यात इंझोरीचा एक ट्रॅक्टरवाला घरी जाऊन जेवून परत आला.

शेवटी मी पाय मागं घेतला आणि कमरेवर हात ठेवला. "लचक भरली," मी जाहीर केलं.

"काय मास्तर," मुकादम म्हणाला, "गाडी ब्रेकडाऊन?"

पटांगण हसलं. ट्रॅक्टरवाले हसले, भाऊसुद्धा क्षणभर हसले आणि मग आभाळाकडे पाहून रडवेले झाले. पाळकसाहेब हसले नाहीत. ते माझ्या बुटांकडे पाहत होते. मग सावकाश माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "तुम्हालाही जमलं नाही."

"कंबर, साहेब."

"हो, कंबर." ते काट्याजवळ गेले. त्यांनीही चपला बाहेर काढल्या होत्या, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. देव लोखंडात राहत नाही म्हणून बजावणारा माणूस अनवाणी! बहुधा त्यांच्याही ते तेव्हाच ध्यानात आलं. आपल्या पायांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग वळले, आणि त्यांचा बारीक आवाज शटरबाहेर ट्रॅक्टरपर्यंत गेला.

"मुकादम, तुमचं बरोबर आहे. मी चुकीचं समजावत होतो. ही जागा साधी नाही."

भाऊंनी कपाळाला हात लावला. "मेलो!"

"थांबा भाऊ. मुकादम, आम्ही ह्या पाटावर काय ठेवत होतो?"

"रोटी," मुकादम म्हणाला. "अन् सरबत."

सरबतावर साहेबांनी वाद घातला नाही. "रोटी कशाची?"

"गव्हाची असन."

"म्हणजे शेतातून आलेलं धान्यच नं? आणि ऐका. पीक निघालं की आमच्यात कापणीचा सण असतो. जो तो आपल्या वावरातलं पहिलं पीक आणतो आणि वेदीपुढं ठेवतो. ज्वारी, तूर, भोपळा, कोंबडीसुद्धा. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते." हे अगदी खरं. एका वर्षी एक कोंबडा आमेनच्या आधी आरवला होता. "तर हे मेज रिकामं ठेवायसाठी नसतंच. माल बाहेर भिजतोय आणि मेज आत कोरडं, मोकळं, वर उदबत्ती. हा मान नव्हे. मान राखायचा असेल तर भरा ते. पण आदळू नका. ठेवा."

मुकादमानं दाढी खाजवली. त्याची नजर हमालांवरून फिरत उंच माणसावर थांबली. उंच माणूस विचार करून म्हणाला, "ठेवाचं असन तं जमते."

"मंग पहिला कट्टा तुमी ठेवा, फादर," मुकादम म्हणाला.

आता साहेबांचं वजन मी आधी सांगितलं. कट्टा त्यांच्यापेक्षा जड. त्यांनी बाह्या सरसावल्या. मी बूट काढले, बाहेर ठेवले आणि दुसऱ्या टोकाला हात घातला. माझी लचक कुठं गेली असं कुणी विचारलं नाही, ही माणसं मोठ्या मनाची. उचलला. अर्ध्या वाटेत साहेब कट्ट्याखाली जवळपास दिसेनासे झाले. नुसते दोन अनवाणी पाय चाललेत आणि कट्ट्याच्या आतून कुणीतरी स्तोत्र म्हणतंय असं वाटत होतं. पण आदळला नाही. तान्ह्या लेकराला पाळण्यात ठेवावं तसा आम्ही तो कट्टा पाटावर ठेवला. साहेबांनी धापा टाकत त्यावर हात ठेवून दोन ओळींची प्रार्थना केली. ज्या हातांनी पेरलं त्यांच्यासाठी, ज्या पाठी वाहतात त्यांच्यासाठी, आणि ज्या भाऊंनी जागा दिली त्यांच्यासाठी. "आमेन," आम्ही म्हणालो. "आमीन," मुकादम म्हणाला आणि खिट्टी काढायला पुढं झाला. खिट्टीवर हात ठेवून मात्र तो थांबला.

"एक बात हाय, भाऊ."

"आता काय राह्यलं बे?"

"इथी दांडी सीधी राहीन."

भाऊंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तुमची शपथ, ढग त्यापेक्षा उजळ होता. भाऊ काही लुटारू नव्हते. पण खेडा खरेदीत, म्हणजे गावोगावचा माल थेट विकत घेताना, वजन कमी भरावं म्हणून दांडीला करंगळीचा एवढासा आधार सगळेच देतात, त्याला कुणी पाप म्हणत नाही, रीत म्हणतात. ट्रॅक्टरवाल्यांनी कान टवकारले. एक पुढं येऊन म्हणाला, "काहून भाऊ, आतापरेंत वाकडी होती का?"

"कोण म्हणते?" भाऊ ओरडले. मागून त्यांची बायको आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तेवढं पुरलं. "सीधी तं सीधी!" भाऊ म्हणाले. "उचला लेकहो, पाणी येऊन राह्यलं!"

आणि काय सांगू, कट्टे चालले! मी हमाली आयुष्यभर पाहिली आहे. शिवीशिवाय कट्टा उचलला जात नाही, जसं डिझेलशिवाय इंजिन चालत नाही. पण त्या दिवशी चपलांची रास शटरबाहेर, तंबाखू बाहेर थुंकलेली, आणि ओळीनं अनवाणी माणसं कट्टा पाठीवर घेऊन येतायत, अलगद उतरवतायत, मुकादम दांडी पाहून वजन पुकारतोय, आणि कुणाच्या तोंडातून शिवी निसटायला लागली की तो घाईघाईनं तिचं 'आमीन' करतोय. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये वर्षभरात होतात त्याहून जास्त आमेन झाले. साहेब कोपऱ्यात कट्ट्यावर बसून हाताच्या फोडांवर फुंकर घालत होते. ट्रॅक्टरवाले शेतकरी एकेक करून शटरपाशी यायचे, काट्याकडे पाहायचे, दांडीकडे पाहायचे, आणि न सांगता वहाणा काढायचे.

पहिला थेंब पडला तेव्हा पटांगणात चार-दोन कट्टे उरले होते. तेही आत आले. मग पाऊस असा कोसळला, की समोरचा रस्ता दिसेना. टिनावर एवढा आवाज, की चहा आला हे वासावरूनच कळलं. आम्ही सगळे खालीच बसलो, बारदानावर. काट्याचा पाट मोकळाच होता. भाऊ चहाचा कप घेऊन सवयीनं तिकडं गेले, अर्धवट वाकले, तसेच सरळ झाले आणि येऊन साहेबांशेजारी फरशीवर टेकले.

"पाळकसायब," पाऊस जरा ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "हे सीझन सरलं की उतरत असन नं? पुढच्या साली तं साधा काटा होईन?"

"नाही, भाऊ."

"म्हणजे जिंदगीभर सीधी दांडी?"

"जिंदगीभर."

भाऊंनी काट्याकडे पाहिलं. आत रचलेल्या, कोरड्या, खडखडीत कट्ट्यांकडे पाहिलं. एक मोठा सुस्कारा सोडला.

"गोदाम फुकट देल्लं होतं तुमाले," ते म्हणाले, "लय महाग पडले तुमी लोक." आणि साहेबांच्या हाताला फोड आल्यानं त्यांना कप धरवत नव्हता, म्हणून भाऊंनी आपल्या बशीत त्यांचा चहा ओतला, फुंकून निववला आणि बशी त्यांच्या तोंडाला लावली.